जुन्या मालमोटारीचा पुनर्जन्म

मोडक्या वस्तूचें काय करावें, हा प्रश्न आपल्या घरांतून बहुधा दोनच प्रकारांनीं सुटतो. एक तर ती वस्तु माळ्यावर जाऊन पडते व दोन पिढ्यांची धूळ खाते. नाहीं तर ती भंगारवाल्याच्या तराजूंत जाते. तिसराहि एक मार्ग आहे. वस्तु उघडून पाहावी, तिच्यांतील धड काय व निकामी काय तें निवडावें, आणि जें धड आहे त्याच्या आधारावर ती पुन्हां उभी करावी. पण या मार्गानें जाणाराचे हात काळे होतात. म्हणूनच कीं काय, सुशिक्षित घरांतील मुलगा हातांत पाना घेऊन परसांत बसला कीं वडील मंडळींच्या कपाळावर आठी पडते.

हा लेख अशाच एका काळ्या हातांच्या हौसेविषयीं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वींची, पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती जागा व मागें उघडा हौदा असलेली छोटी मालमोटार, म्हणजे बाजारांत जिला पिकअप म्हणतात ती, स्वस्तांत विकत घ्यावयाची. तिच्या अंगावरचें अनावश्यक ओझें उतरवावयाचें. एंजिनाला नवा दम भरावयाचा. आणि बेतलेल्या पैशांत एक हलकें, चपळ व देखणें वाहन तयार करावयाचें. अमेरिकेंत अशा वाहनाला हॉट रॉड म्हणतात, आणि तेथें ही हौस जवळजवळ शंभर वर्षांची आहे. आमच्या तरुणांनाहि आतां त्या वाहनांचीं चित्रें पाहावयास मिळतात व मोह पडतो. या मोहांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि फसण्यासारखेंहि थोडें नाहीं. म्हणून घरांतील वडील माणसांनीं व मुलांनीं हा विषय एकदां नीट समजून घ्यावा, एवढाच या लिहिण्याचा हेतु.

चाकांचें गांव

पनवेलकरांना चाकाचें नवल नाहीं. मुंबई-पुणें आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईचे प्रवासी व माल होडीनें खाडींतून पनवेल बंदरास उतरत व तेथून घाटाचा रस्ता धरीत. १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि देशावरच्या बैलगाड्यांना थेट कोंकणांत उतरतां येऊं लागलें. या गाडीवाल्यांना लागणारीं चाकें पनवेलास तयार होत. एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटिअरांत तर गाडीचीं चाकें बनविणें हाच पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून नोंदलेला आहे.

चाक करणाऱ्या सुताराचा हिशेब मोठा चोख असे. तुंबा, आरे व लाकडी वाटोळें हीं जुळलीं कीं लोखंडाची धाव विस्तवांत लाल करावयाची, ती लाकडावर चढवावयाची व लगेच पाणी ओतून आंवळावयाची. धाव सैल राहिली तर घाटांत निसटावयाची. फाजील घट्ट झाली तर आरे वांकावयाचे. गाडीच्या साट्यावर नक्षी काढावयाची ती या सर्वांनंतर, आणि हातांत पैसे उरले तर. मोटारीच्या बाबतींतहि शेवटीं हाच नियम लागू पडतो, हें पुढें दिसून येईल.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली व मालाची वाट बदलली. पुढें मोटारीचा जमाना आला. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरोलेट गाड्या उभ्या करण्याचा कारखाना काढला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो जातीच्या मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. या गाड्यांना मुंबईहून पुण्याकडे जावयाचें तर पनवेल ओलांडून घाट चढावा लागे. दीड हजार फुटांहून अधिक असलेल्या त्या चढणीवर एंजिनांतील पाणी उकळूं लागे. घाटांत गाडी कां बसते याची परीक्षा या वाटेवरच्या माणसांना पुस्तकाशिवाय होत असे. आज कळंबोलीपासून द्रुतगति महामार्ग निघतो, त्याच कळंबोलीस पोलादाचा मोठा बाजार आहे, आणि गांवच्या गाड्यांच्या पाट्यांवर पनवेलच्या स्वतंत्र नोंदणी कचेरीचा ‘एम्. एच्. ४६’ हा क्रमांक असतो. जुन्या गाडीला हात घालावयाचा तर याहून सोयीचें ठिकाण शोधून सांपडणार नाहीं.

ही हौस आली कोठून

फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत आपल्या ‘टी’ नमुन्याच्या दीड कोट मोटारी काढल्या. १९२५ सालीं त्याच सांगाड्यावर कारखान्यानेंच हौदा बसवून पिकअपहि विकावयास काढली. नव्या गाड्या निघत गेल्या तशा जुन्या गाड्या ढिगांनीं पडून राहिल्या व मातीमोल भावानें विकूं लागल्या. कॅलिफोर्नियांतील तरुणांच्या खिशांत नव्या मोटारीचे पैसे नव्हते. जुनीचे मात्र होते. त्यांनीं त्या गाड्यांचे चिखलरोधक पत्रे, टप, बंपर, जें जें काढतां येईल तें तें काढून टाकलें आणि म्यूरॉकसारख्या आटलेल्या सरोवरांच्या कोरड्या, सपाट तळावर त्या पळवून पाहिल्या. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें एंजिन सामान्य माणसाच्या किंमतींत दिलें. कांहीं वर्षांत तींहि एंजिनें मोडीच्या बाजारांत आलीं, आणि या हौशी मंडळींना जणूं खजिना सांपडला.

१९३७ सालीं दक्षिण कॅलिफोर्नियांतील या मंडळींनीं आपली संघटना बांधली. महायुद्ध संपल्यावर यंत्रविद्या शिकलेले हजारों सैनिक घरीं परतले, त्यांची भर पडली. १९४८ च्या जानेवारींत या विषयाला वाहिलेलें ‘हॉट रॉड’ नांवाचें मासिक निघालें. पण याच काळांत सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावणाऱ्या टवाळखोरांमुळें हॉट रॉड हा शब्द सभ्य घरांतून शिवीसारखा झाला होता. १९५१ सालीं वॅली पार्क्स यांनीं राष्ट्रीय संस्था काढून नियम घालून दिले, गाड्यांची तपासणी सुरू केली व शर्यती रस्त्यावरून बंदिस्त पट्टीवर नेल्या. तेव्हांपासून या हौसेला प्रतिष्ठा आली. ती वेगामुळें आली नाहीं, शिस्तीमुळें आली, ही गोष्ट आमच्या तरुणांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

आपल्याकडेहि मद्रासजवळ शोलावरम येथें युद्धकाळीं बांधलेल्या धांवपट्टीवर स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या शर्यती होत, आणि त्यांत घरीं तयार केलेल्या गाड्याहि उतरत. तेव्हां ही विद्या या मातीला अगदींच परकी आहे असें नाहीं.

शंभर रुपयांचा हिशेब

जुन्या यंत्राच्या दुरुस्तींत पैसा संपतो तो कामामुळें थोडा व कामाचा क्रम चुकल्यामुळें फार. गाडी घरीं आली कीं तरुण माणूस प्रथम रंगाचा डबा आणतो, कारण रंग चारचौघांना दिसतो. मग एंजिन उतरवावें लागतें, त्या वेळीं रंगावर ओरखडे उठतात. सांगाड्याला वेल्डिंगचा जोड द्यावा लागतो, तेव्हां उरलेला रंग जळतो. यासाठीं हातांतील रकमेचे शंभर भाग कल्पून ते आधींच वांटून टाकावे. कागदपत्रें व गाडी घरीं आणणें यांस पांच भाग; सांगाड्यास पंधरा; ब्रेक, स्टिअरिंग, पाटे व चाकें यांस मिळून तीस; एंजिन व गिअर यांस वीस; विजेच्या तारांस पांच; पत्र्याचें काम व रंग यांस दहा; आणि राहिलेले पंधरा भाग शिल्लक टाकावे. शेवटीं अडचण निघतेच, आणि त्या वेळीं घरांतील डब्यांत हात घालण्याची पाळी या पंधरा भागांमुळें येत नाहीं.

कागदपत्रांचें काम सर्वांत कंटाळवाणें व सर्वांत महत्त्वाचें. चासीवर कोरलेला क्रमांक व एंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकांतील क्रमांकांशीं अक्षरशः ताडून पाहावा. तो जुळत नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी महाग.

त्यानंतर सांगाडा. येथें शाळेंतील भूमिति उपयोगी पडते. सांगाड्याच्या चार टोकांशीं समोरासमोरच्या सारख्या जागा धरून खडूनें खुणा कराव्या आणि दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. सांगाडा पुढें निमुळता असला तरी दोन्ही कर्ण सारखेच भरले पाहिजेत. ठळक फरक निघाला तर गाडीला पूर्वीं कोठें तरी जबर धक्का बसला आहे व ती तिरकी झाली आहे असें समजावें. रंगाचे पोपडे खरवडून लोखंडाला हातोडीनें हलकेंच ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर तेथें लोखंड धड आहे. बद्द आवाज आला तर आंत गंजानें घर केलें आहे.

एंजिन बंद आहे म्हणजे तें मेलें असें नाहीं. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचे पिस्टन बहुधा जागीं धरलेले असतात. प्लग काढून त्या भोंकांतून थोडें तेल सोडावें, दोन-चार दिवस मुरूं द्यावें व मग हातानेंच सांवकाश फिरवून पाहावें. घाईनें बॅटरी लावली तर रिंगा मोडतात. सिलिंडर झिजले असतील तर लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावे व त्या मापाचे पिस्टन व रिंगा घालाव्या. रेडिएटर मात्र पुरता साफ करून घ्यावा. घाटाशीं गांठ आहे हें विसरूं नये. सुट्या भागांसाठीं मुंबईंत कुर्ल्याचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथें जातांना जुना भाग बरोबर न्यावा व माप पट्टीनें ताडून घ्यावें.

ताकदीपेक्षां हलकेपणा स्वस्त

वेग वाढवावयाचा म्हणजे मोठें एंजिन आणावयाचें, ही समजूत खर्चाची आहे. एक साधें गणित पाहूं. समजा, गाडीचें वजन १,३०० किलो आहे व एंजिन ६५ अश्वशक्तीचें आहे. म्हणजे एकेका अश्वशक्तीच्या वांट्यास २० किलो ओझें आलें. आतां गाडीवरचे जादा पत्रे, मागून बसविलेले लोखंडी कठडे, हौद्याखालचा निकामी फळ्यांचा थर असें २६० किलो उतरवलें. वजन राहिलें १,०४० किलो, आणि दर अश्वशक्तीस १६ किलो. एंजिनाला हात न लावतां, मूळ वजनावर ८१ अश्वशक्तीचें एंजिन बसविल्यासारखाच हा लाभ झाला, व खर्च मात्र पानें व घाम एवढाच. काटकसर या शब्दाचा अर्थ यंत्रशास्त्रांतहि स्वयंपाकघरांतल्यासारखाच आहे.

परंतु वेग वाढला कीं थांबण्याचा प्रश्न उभा राहतो. गतीमुळें येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ३० किलोमीटर वेगाच्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबावयास जेवढें अंतर लागतें, त्याच्या चौपट अंतर ६० च्या वेगाला लागतें. फोर्डच्या गाड्यांचे ब्रेक १९३९ सालापर्यंत नुसत्या यांत्रिक ओढीवर चालत. तेलाच्या दाबाचे ब्रेक त्या सालीं आले. अशा जुन्या ब्रेकांवर नवा वेग लादणें म्हणजे म्हाताऱ्या बैलाला जुंपून गाडी उतारावर सोडणें होय. वरच्या हिशेबांत ब्रेक-स्टिअरिंगास सर्वांत मोठा वांटा ठेवला आहे तो एवढ्यासाठींच.

घरच्यांनीं सांभाळावयाच्या गोष्टी

हें काम बहुधा घराच्या अंगणांत चालतें, म्हणून कांहीं इशारे घरांतील सर्वांनींच लक्षांत ठेवावे. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतें; त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर पुढें कित्येक वर्षांनीं असाध्य रोग होऊं शकतो. ती धूळ फुंकून किंवा वाऱ्याच्या झोतानें उडवूं नये; ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी व तें फडकें टाकून द्यावें. जुन्या रंगांत शिसें असतें. तो कोरडा घासूं नये, आणि लहान मुलें खेळतात त्या जागेंत तर मुळींच घासूं नये. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातकी, कारण तिच्यांत वाफ कोंडलेली असते. तिला डाख किंवा वेल्डिंग घरीं करण्याचें धाडस करूं नये. गाडी उचलावयाची तर नुसत्या जॅकवर विसंबून खालीं शिरूं नये. भक्कम घोड्यांवर ती आधीं टेकवावी. आणि जुन्या तारांचें कापडी वेष्टन जीर्ण झालेलें असतें, तेव्हां त्या तारा सांधीत न बसतां सबंध नव्या घालाव्या. पांच भागांत तेवढें होतें.

कायदा काय म्हणतो

इतकें सर्व जमलें तरी मुख्य प्रश्न राहतोच. ही गाडी रस्त्यावर चालवितां येईल काय? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें, बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. त्याच जातीचें एंजिन बदलावयाचें तरी नोंदणी कचेरीची परवानगी आधीं घ्यावी लागते. म्हणजे टप कापलेली, सांगाडा खालीं आणलेली, परक्या जातीचें एंजिन घातलेली गाडी अमेरिकेंतील चित्रांत कितीहि शोभली, तरी पनवेलच्या रस्त्यावर ती अपराधच ठरते.

दुसरी एक बाजू आहे. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें जुन्या गाड्यांसाठीं निराळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, जिचा सांगाडा, अंग व एंजिन यांत मोठा बदल झालेला नाहीं, तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येतें. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, आणि पाटीवर ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, संशोधन, पेट्रोल भरणें व दुरुस्ती यांसाठींच ती रस्त्यावर आणतां येते.

या दोन नियमांच्या मध्यें हौशी माणूस उभा आहे. त्याला तीन वाटा मोकळ्या आहेत. गाडी मूळ रूपांत आणून ‘व्हिंटेज’चा मान मिळवावा, किंवा मूळ तपशील न मोडतां, मागून चढविलेलें ओझें उतरवून, यंत्र ठाकठीक करून, वेळच्या वेळीं पुनर्नोंदणी करून ती वापरांत ठेवावी, किंवा पुरता हॉट रॉड करावयाचाच असेल तर ती गाडी रस्त्यासाठीं नाहीं हें पहिल्या दिवशींच मनाशीं ठरवून ती बंदिस्त धांवपट्टीपुरती ठेवावी. या तीन वाटांची सरमिसळ करणारा माणूस पैसा, गाडी व अब्रू तिन्ही गमावतो.

येथें कायद्याखेरीज आणखीहि एक विचार आहे. गाडी जितकी मूळ रूपांत शाबूत, तितकें तिला कापणें हें नुकसान मोठें. पत्रा एकदां कापला म्हणजे तो पुन्हां उगवत नाहीं. शिवडीस किंवा कुर्ल्यास जोडलेली एखादी मालमोटार सर्व भागांसकट मिळाली तर ती आपल्या औद्योगिक इतिहासाचा पुरावाच होय; तिच्यावर करवत चालवूं नये. जिचा टप आधींच सडला आहे, हौदा नाहींसा झाला आहे, एंजिन कोणी तरी केव्हांच विकलें आहे, अशा उरल्यासुरल्या सांगाड्यावर खुशाल प्रयोग करावा.

हातांचें शिक्षण

आपल्या महाराष्ट्रांत अशा कामाला मोठी परंपरा नसली तरी उदाहरणें आहेत. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला व पुढें कित्येक वर्षें खपून तींत सुधारणा केल्या. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार त्यांना करावयाची होती. सरकारी परवान्याअभावीं तिचें कारखान्यांत उत्पादन होऊं शकलें नाहीं. अगदीं अलीकडचें उदाहरण सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचें. मुलाच्या हौसेखातर त्यांनीं जुन्या गाड्यांचे टाकाऊ भाग जमवून, सुमारें साठ हजार रुपयांत, पायानें लाथ मारून सुरू होणारी एक चिमुकली मोटार उभी केली. डिसेंबर २०२१ मध्यें आनंद महिंद्र यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. ही गाडी नियमांत बसत नाहीं हें सांगूनच त्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि जानेवारी २०२२ मध्यें ती दिली. कुलकर्ण्यांची मोटार परवान्यापाशीं अडली, लोहारांची नियमापाशीं. पण दोघांच्याहि हातांतील विद्या कोणाला हिरावून घेतां आली नाहीं.

म्हणून पालकांना एवढेंच सांगावयाचें कीं, मुलानें जुन्या गाडीचा हट्ट धरला तर एकदम नकार देऊं नये आणि एकदम पैसेहि देऊं नयेत. त्याला आधीं नोंदणी कचेरींत पाठवून नियम विचारून येऊं द्या. मग त्याच्याकडून शंभर भागांचा हिशेब कागदावर मांडून घ्या. त्यानंतर दोन-तीन महिने एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीं, पगाराची अपेक्षा न ठेवतां, बोल्ट सोडवूं द्या. त्या मिस्त्रीला त्यानें अहोजाहो करावें, आणि मिस्त्री जेवावयास बसला तर त्याच्या शेजारीं बसून आपला डबा उघडावा. एवढ्यावर हौस टिकली तर ती खरी हौस समजावी व गाडी घेण्यास खुशाल संमति द्यावी. न टिकली तरी कांहीं बिघडत नाहीं. पंक्चर झालेलें चाक आपल्या हातांनीं बदलणारा, खर्चाचा अंदाज आधीं करणारा व कारागिराला मान देणारा एक मुलगा घरांत तयार झाला, हा लाभ कोणत्याहि मालमोटारीपेक्षां मोठा आहे.